तिसऱ्या पसंतीचा माणूस

आमच्या विंगमध्ये रात्री दोननंतर तीनच गोष्टी जाग्या असतात. पाण्याचा पंप, उद्या सबमिशन असलेली पोरं आणि कोणाच्या तरी स्पीकरवरचं गाणं. सेकंड इयरला माझा एम-थ्री राहिला तेव्हाची गोष्ट. तशी ही शाखाही मला तिसऱ्या फेरीत मिळालेली, त्यात हा निकाल. घरी फोन करायची हिंमत नव्हती, म्हणून जिन्यात बसून होतो. शेजारच्या खोलीतला एक सीनियर आला, काही विचारलं नाही की समजूत घातली नाही, सरळ स्वतःचा हेडफोन माझ्या कानाला लावला.

ते 'एग' नावाच्या इंग्लिश बँडचं १९७० सालचं रेकॉर्डिंग होतं. जॅझ आणि रॉक यांच्या मधल्या हद्दीतलं. गिटार नाहीच, ऑर्गन, बेस आणि ड्रम्स, एवढ्यावर खेळ. एक सूर धावत आला, त्याच्यामागे तसाच दुसरा, मग तिसरा. मला वाटलं, हे गाणं रडतही नाही आणि हसतही नाही, अवघड गणित शांतपणे सोडवत पुढे चाललंय! नंतर कळलं, ती मूळ धून दोन-अडीचशे वर्षांहून जुनी, चर्चच्या ऑर्गनसाठी लिहिलेली, आणि नाव लागतं योहान सेबास्टियन बाख याचं. (गंमत म्हणजे 'डी मायनर टोकाटा अँड फ्यूग' ही त्याची सगळ्यात प्रसिद्ध रचना खरंच त्याची आहे का, यावर अभ्यासक आजही भांडतात. त्याच्या हस्ताक्षरातली प्रतच मिळालेली नाही.)

त्या रात्रीपासून हा माणूस माझ्या मागे लागला. त्याचीच ही गोष्ट.

बाखचा जन्म २१ मार्च १६८५ रोजी जर्मनीतल्या आयझेनाख या गावी झाला. घराणंच वाजवणाऱ्यांचं. वडील गावाचे पगारी वादक, काका वादक, चुलतभाऊ वादक. त्या भागात बाख या आडनावाचा अर्थच जणू वादक असा झाला होता. पण नऊ वर्षांचा असताना आई गेली आणि वर्षभराच्या आत वडीलही गेले. पोरकं पोर थोरल्या भावाकडे, ओरड्रुफला आलं. भाऊ योहान क्रिस्टोफ तिथे चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा.

भावाकडे मोठमोठ्या उस्तादांच्या रचनांची एक वही होती. ती जाळीच्या कपाटात कुलपात असायची आणि धाकट्याला हात लावायची बंदी. आता झेरॉक्स नाही, पीडीएफ नाही, करायचं काय? पोराने जाळीतून हात घालून, वही गुंडाळी करून बाहेर काढायची आणि रात्री चंद्राच्या उजेडात उतरवून घ्यायची, असं सहा महिने चालवलं. पुरी उतरवून झाली आणि भावाला पत्ता लागला. त्याने ती नक्कल काढून घेतली. पण मित्रांनो, सहा महिने हाताने उतरवलेलं डोक्यातून कोण काढून घेणार? आपण जर्नल उतरवतो त्यात आणि ह्यात फरक एवढाच, की त्याला जे उतरवत होता ते समजून घ्यायचं होतं! पुढे आयुष्यभर त्याने हेच केलं. इटलीतल्या विवाल्डीचे कॉन्चेर्टो त्याने ऑर्गनवर बसवले आणि त्यातून आपली भाषा घडवली.

पंधराव्या वर्षी तो शिकायला उत्तरेकडे ल्यूनेबुर्गला गेला. गाता गळा असलेल्या गरीब मुलांची तिथल्या शाळेत राहण्या-जेवणाची सोय होत असे. तिथून हॅम्बुर्गला जाऊन तो राइनकेन या वयोवृद्ध ऑर्गनवादकाला ऐकून यायचा. १७०३ साली आर्नश्टाटच्या चर्चमध्ये नवा ऑर्गन बसला. तो तपासायला बोलावलं कोणाला, तर अठरा वर्षांच्या बाखला! त्याने तपासला, वाजवला आणि नोकरीही त्यालाच मिळाली.

इथे थोडं ऑर्गनबद्दल सांगायला हवं. आपल्यापैकी बऱ्याच जणांना ऑर्गन म्हणजे मोठी पेटी वाटते. तसं नाही. पेटीत पितळी पट्ट्या थरथरतात, तर चर्चच्या ऑर्गनमध्ये शेकडो, कधी हजारो नळ्या असतात आणि प्रत्येक नळी म्हणजे एक बासरी किंवा एक सनई. त्या काळी घड्याळं सोडली तर इतकं गुंतागुंतीचं यंत्र माणसाने क्वचितच बनवलं असेल. मागे माणसं पायाने भाते चालवत. ती हवा नळ्यांखालच्या पेटीत एकसारख्या दाबाने साठे. पट्टी दाबली की लाकडी पट्ट्यांच्या मालिकेतून ओढ बसून झडप उघडे आणि नळी बोलू लागे. हातांसाठी दोन-तीन ओळी पट्ट्या, शिवाय पायांसाठी वेगळी ओळ.

एम-थ्री राहिला असला तरी फिजिक्स आठवत होतं, म्हणून हिशोब करून पाहिला. दोन्ही टोकं उघडी असलेल्या नळीची वारंवारता म्हणजे ध्वनीचा वेग भागिले नळीच्या लांबीची दुप्पट. आठ फुटी नळीला उत्तर येतं सत्तर हर्ट्झ. प्रत्यक्षात तो सूर साधारण ६५ चा असतो. हिशोबात आणि खऱ्यात एवढा फरक का, तर नळीच्या तोंडाबाहेरचीही थोडी हवा हलते आणि नळी आहे त्याहून लांब असल्यासारखी वागते. सोळा फुटीला याच्या निम्मा सूर, बत्तीस फुटीला त्याच्याही निम्मा, म्हणजे सोळाच्या आसपास! तो कानाला कमी आणि बाकाला जास्त कळतो.

आणखी एक. पेटीचा भाता जोरात मारला की आवाज वाढतो. या ऑर्गनवर पट्टी कितीही जोरात दाबा, आवाज तेवढाच. सूर हळूहळू विरतही नाही. बोट उचललं की संपला. म्हणजे वादकाच्या हातात उरतं काय, तर सूर कधी सुरू करायचा आणि कधी सोडायचा. एवढ्यावर भाव उभा करायचा! बाखला हे यंत्र आतून-बाहेरून ठाऊक होतं. लोक त्याला नवे ऑर्गन तपासायला लांबलांबून बोलावत. गेल्यावर तो आधी सगळ्या नळ्या एकदम चालू करून दणक्यात वाजवायचा. यंत्राची फुप्फुसं धड आहेत का ते पाहायला. अनेक कारागिरांचे चेहरे तेव्हाच पडायचे म्हणतात. असा एक्स्टर्नल आपल्या व्हायवाला आला तर?

पण नोकरीत मात्र हा गृहस्थ सरळ नव्हता. १७०५ च्या शरद ऋतूत त्याने चार आठवड्यांची रजा घेतली. ल्यूबेकला बुक्स्टेहुडे नावाचा थोर ऑर्गनवादक होता, त्याला ऐकायचं होतं. अंतर सुमारे चारशे किलोमीटर. पठ्ठ्या चालत गेला आणि परतला जवळजवळ चार महिन्यांनी! आल्यावर चर्चच्या समितीपुढे उभं राहावं लागलं. रजेचं काय, हा एक प्रश्न. दुसरा असा, की आल्यापासून प्रार्थनेच्या साथीत हा असले चमत्कारिक सूर मिसळतो की लोकांना आपली चाल सापडत नाही. डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलेल्यांनी मनाला लावून घेऊ नये, एवढंच. मात्र चार महिने काय शिकून आलात, हे वाजवून दाखवता आलं पाहिजे.

१७०७ मध्ये तो म्यूलहाउझेनला गेला आणि नात्यातल्या मारिया बार्बराशी लग्न केलं. पुढच्याच वर्षी वायमारच्या दरबारात. त्याच्या ऑर्गनच्या उत्तमोत्तम रचनांपैकी बऱ्याचशा इथल्या. १७१७ मध्ये ड्रेस्डेनला मार्शां या फ्रेंच वादकाशी त्याचा सामना ठरला. बाख हजर झाला, पण मार्शां सकाळीच गाडी पकडून पसार झाला होता. त्याच साली वरची जागा डावलल्यामुळे बाखने राजीनामा मागितला, आणि हट्टाने मागितला, म्हणून वायमारच्या ड्यूकने त्याला जवळजवळ चार आठवडे तुरुंगात ठेवलं. शेवटी नाराजीनेच सोडलं.

पुढे क्योटेनचा तरुण राजपुत्र लिओपोल्ड हा संगीताचा खरा दर्दी मालक भेटला. ब्रँडेनबुर्ग कॉन्चेर्टोंची वही १७२१ ची, याच काळातली. पण १७२० च्या उन्हाळ्यात बाख राजपुत्राबरोबर परगावी गेला असताना घरी मारिया बार्बरा वारली. तो घरी पोचला तेव्हा तिला पुरून झालं होतं. निरोपही त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. चार मुलं दारात उभी. त्या प्रसंगी त्याने काय केलं, कोणाला काय लिहिलं, याची नोंद नाही. दीड वर्षाने त्याने आना माग्डालेना या दरबारी गायिकेशी लग्न केलं. दोन्ही संसारांत मिळून वीस मुलं झाली. त्यातली दहाच मोठी झाली. म्हणजे ज्या घरातून इतकं संगीत निघालं, त्या घरातून दहा लहान शवपेट्याही निघाल्या. हे कळल्यापासून त्याचं संगीत मला कोरडं वाटायचं बंद झालं.

१७२३ मध्ये लाइपझिगच्या थोमास चर्चच्या शाळेत संगीतप्रमुखाची जागा भरायची होती. नगरपालिकेची पहिली पसंती होती तेलेमान. तो आला नाही. मग ग्राउपनर. त्याला त्याच्या मालकाने सोडलं नाही. तेव्हा कुठे बाखला बोलावलं. तिसऱ्या पसंतीचा माणूस! आज तेलेमान जाणकारांना माहीत आहे आणि ग्राउपनर फार थोड्यांना.

आता होस्टेलकरांसाठी खास माहिती. ही शाळा निवासी होती आणि बाखचं कुटुंब शाळेच्याच इमारतीत राहायचं. दर चौथ्या आठवड्याला मुलांवर देखरेखीची पाळी त्याची. पहाटे उठवणं, प्रार्थना, जेवणावर लक्ष, रात्री दिवे बंद. थोडक्यात, आपले रेक्टर सर! भिंतीपलीकडे पोरांचा गोंधळ आणि अलीकडे हा लिहितोय. काय लिहितोय? दर रविवारी चर्चमध्ये वाजवायचा कांटाटा, साधारण वीस-पंचवीस मिनिटांचं गाणं-बजावणं. नवं लिहायचं, प्रत्येक वादकाची प्रत उतरवायची (घरची मंडळी आणि विद्यार्थी हाताशी), पोरांकडून बसवून घ्यायचं आणि रविवारी सादर करायचं. सोमवारी पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीची काही वर्षं हे सबमिशन जवळजवळ दर आठवड्याला चाललं. दोनशेच्या आसपास कांटाटा आज उपलब्ध आहेत, बरेच हरवले. सेंट मॅथ्यू पॅशन १७२७ चं, याच धबडग्यातलं.

वरिष्ठांशी खटके इथेही उडालेच. पगार अपुरा, गायक कच्चे, वादक कमी. १७३० मध्ये एका जुन्या शाळामित्राला त्याने पत्रातून गाऱ्हाणं कळवलं, की अंत्यविधीच्या गाण्याचे पैसे मिळतात, पण आदल्या वर्षी हवा इतकी चांगली होती की माणसं कमी मेली आणि उत्पन्न बुडालं! मोठी माणसंही महिनाअखेरीचा हिशोब करतात, हे वाचून बरं वाटलं.

त्याला मोकळा श्वास मिळाला तो विद्यापीठातल्या पोरांमध्ये. १७२९ पासून त्याने विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाची धुरा घेतली. दर आठवड्याला त्झिमरमानच्या कॉफीहाउसमध्ये मैफल. कॉफीचं वेड लागलेल्या मुलीवरचा त्याचा विनोदी कांटाटाही आहे. म्हणजे आपलं कँटीन आणि गॅदरिंग एकत्र, आणि बसवायला साक्षात बाख!

आता ऐकण्याकडे वळू. माझी आवडती रचना म्हणजे सी मायनरमधली पासाकाल्या. सुरुवातीला फक्त पायांनी वाजवलेली एक धून येते, तीन-तीन मात्रांच्या आठ खंडांची. साधी, जड, जिना उतरल्यासारखी. मग ती थांबत नाही. तबल्याच्या सोलोला पेटीवाला लेहरा धरून बसतो तशी ती चालू राहते आणि वर हात नवनवं मांडत जातात, एकदा नाही, वीस वेळा! कधी धून खालून वर सरकते, कधी तुकड्यांत लपते. आणि आता संपलं असं वाटतं तेव्हा त्याच धुनेतून फ्यूग सुरू होतो. फ्यूग म्हणजे एका आवाजाने धून मांडायची, दुसऱ्याने तीच पंचमावरून उचलायची. पहिला मात्र गप्प बसत नाही, तो वेगळं काही बोलत राहतो. मग तिसरा, चौथा. चार जण एकदम बोलतात आणि तरी भांडण होत नाही. आमच्या मेसच्या मीटिंगमध्ये असं कधी झालेलं नाही.

खाली एक घट्ट चाल आणि वर मोकाट कल्पना, हेच तर मला जॅझ रॉकमध्ये आवडत होतं! 'कोलोसियम'ची १९६९ ची 'व्हॅलेंटाइन स्वीट' ऐका, त्यातला ऑर्गन ऐका. त्याच साली 'जेथ्रो टल'ने बाखची ल्यूटसाठीची 'बूरे' बासरीवर घेतली आणि बेसला झुलायला लावलं. फ्रान्सच्या झाक लूसिए याने तर १९५९ पासून पियानो, बेस आणि ड्रम्सवर बाख जॅझ करून वाजवला.

यातही एका इंजिनिअरचा हात आहे बरं का. लॉरेन्स हॅमंड हा मेकॅनिकलवाला, घड्याळं बनवणारा. १९३५ मध्ये त्याने विजेवरचा ऑर्गन बाजारात आणला. नळ्या नाहीत, मोटरवर फिरणारी दातेरी चाकं, समोर चुंबक आणि कॉइल. फॅरेडेचा नियम, दुसरं काही नाही. गरीब चर्चना स्वस्तात ऑर्गन मिळावा हा हेतू, पण वाद्य शिरलं जॅझ क्लबात आणि तिथून रॉकमध्ये. आणि त्याच्या खटक्यांवर आकडे कोणते? सोळा फूट, आठ फूट, चार फूट! आत नळी एकही नाही, पण मापं बाखच्या ऑर्गनचीच.

१७४७ च्या मे महिन्यात बाख पॉट्सडामला प्रशियाच्या राजाकडे, फ्रेडरिककडे गेला. मुलगा एमानुएल तिथे नोकरीला होता. राजाने एक अवघड धून दिली आणि बासष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याने तिच्यावर जागच्या जागी तीन आवाजांचा फ्यूग वाजवला. सहा आवाजांचा मागितला, तो घरी जाऊन लिहून, छापून पाठवला.

तोवर डोळे जात चालले होते. १७५० मध्ये जॉन टेलर या फिरत्या इंग्रज डॉक्टरने दोनदा शस्त्रक्रिया केली. दृष्टी तर गेलीच, प्रकृतीही ढासळली. २८ जुलै १७५० रोजी बाख वारला. 'आर्ट ऑफ फ्यूग'चा शेवटचा फ्यूग अर्ध्यावर राहिला. आजही वादक तिथे मध्येच थांबतात आणि सभागृह गप्प बसून राहतं. तो ग्रंथ छापला गेला, पण खपल्या जेमतेम तीसेक प्रती. १७५६ मध्ये एमानुएलने छपाईचे तांब्याचे पत्रे विकायला काढले. आना माग्डालेना शेवटी धर्मादाय मदतीवर जगली आणि १७६० मध्ये गेली. बाखच्या थडग्यावर दगडही नव्हता.

जाणते वादक त्याच्या वह्या उतरवत राहिले, पण लोक विसरले. १८२९ मध्ये वीस वर्षांच्या मेंडेल्सोनने बर्लिनमध्ये सेंट मॅथ्यू पॅशन पुन्हा उभं केलं, तेव्हा कुठे जगाला कळलं की आपल्याकडे काय पडून होतं.

ऐकायला सुरुवात करणाऱ्यांनी हेल्मुट वाल्खाची रेकॉर्डिंग्ज शोधावीत. हा जर्मन वादक ऐन तारुण्यात आंधळा झाला. दुसऱ्याने एकेक आवाज सुटा वाजवून दाखवायचा, याने तो पाठ करायचा आणि मग सगळे मनात एकत्र जोडायचे. अशा रीतीने त्याने बाखच्या ऑर्गन रचना पाठ केल्या आणि दोनदा रेकॉर्ड केल्या. चंद्रप्रकाशात वही उतरवणारं पोर आणि हा आंधळा वादक, मला दोघं एकाच वर्गातले वाटतात.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरच्या संगीताची एक सोनेरी तबकडी अवकाशात गेली. तिच्यातलं संगीत सुरू होतं बाखच्या दुसऱ्या ब्रँडेनबुर्ग कॉन्चेर्टोने. त्याच्या आणखी दोन रचना तिच्यावर आहेत. आणि त्याच तबकडीवर आपल्या गोव्याच्या, केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे. यानं निघाल्यावर काही दिवसांतच, १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. २०१२ मध्ये व्हॉयेजर-१ सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. तिसऱ्या पसंतीचा माणूस आणि आपल्या केसरबाई तिथे शेजारी शेजारी आहेत.

माझा एम-थ्री पुढच्या खेपेला सुटला, अगदी काठावर. बाखमुळे सुटला असं म्हणणार नाही. तो पाच वर्षांचे पेपर आणि त्या सीनियरच्या शिव्या यामुळे सुटला. पण रात्री दोनला, उदाहरण अडलं की पासाकाल्या लावायची सवय राहिली. पायांची ती धून येते, एकदा, दुसऱ्यांदा, विसाव्यांदा. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतो.

हेडफोन हवा असेल तर खोलीवर या. फक्त परत आणून द्या!

— एक होस्टेलकर, बी. ई. (यंत्र)